झोपलेल्या कुत्र्याला दुखतं का?

ऑपरेशनच्या टेबलावर कुत्रा गाढ झोपलाय. नळीतून भुलेचा वायू आत जातोय, जीभ बाहेर लोंबतेय, पंजा चिमट्यात दाबला तरी हलत नाही. आता सांगा, त्याला दुखतंय का?

‘छे, भूल दिलीय ना!’ असं तुम्ही म्हणाल. भूल दिली म्हणजे झोप, झोप म्हणजे काही कळत नाही आणि कळत नाही म्हणजे दुखत नाही. पण डॉक्टरांनी हाडाला ड्रिल लावलं की शेजारच्या मॉनिटरकडे बघा. मघाशी मिनिटाला 90 च्या लयीत चाललेलं काळीज 130-140 वर जातं. रक्तदाब चढतो. श्वास भराभर पडू लागतो. कुत्रा जागा झालेला नाही, डोळे तसेच आहेत. मग हे दचकलं कोण?

दचकलं ते शरीर. मेंदूचा जो भाग ‘मला दुखतंय’ असं म्हणतो तो झोपलाय खरा, पण पायापासून निघालेली खबर पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत पोचतेच आहे, तिथून वर चढते आहे, आणि मेंदूच्या बुडाशी बसलेली, श्वास आणि नाडी सांभाळणारी केंद्रं तिला उत्तरही देताहेत. भुलेचा वायू खबर ऐकणाऱ्याला झोपवतो. खबर आणणाऱ्याला तो फारसा अडवत नाही. हे पहिल्यांदा समजतं तेव्हा अंगावर काटा येतो. आणि त्याहून मोठा काटा येतो तो पुढची गोष्ट कळल्यावर. ही खबर वाटेतच अडवता येते, तीही चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या औषधानं.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कापूरहोळ मागे पडतं आणि किकवी लागते. महामार्ग गावाला खेटून जातो. ट्रक, कंटेनर, एसटी, महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या रात्रंदिवस वाहत असतात. गावच्या कुत्र्यांना मात्र अलीकडचं हॉटेल आणि पलीकडचं शेत ही एकच हद्द वाटते. समजा अशातलाच एक, पंधरा किलोचा, तांबूस रंगाचा गावठी कुत्रा गाडीखाली येता येता वाचला. मागचा उजवा पाय लोंबतोय. मांडीचं हाड मोडलंय. गाडीच्या धडकेनं कुत्र्यांची जी हाडं मोडतात त्यात मांडीचं हाड आणि कमरेचा सांगाडा यांचा नंबर फार वर लागतो. किकवीचं एक नशीब असं, की सारोळ्यापुढे नीरा ओलांडली की लगेच शिरवळ येतं आणि शिरवळला 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यात प्रतिसरकार उभं करणाऱ्या माणसाचं नाव लावलेल्या या ठिकाणी जनावरांच्या डॉक्टरांच्या पिढ्या घडताहेत. कुत्र्याला तिथे न्या, नाहीतर उलट्या दिशेनं पुण्यातल्या एखाद्या दवाखान्यात. हाड जोडायचं तर टेबलावरचा प्रश्न तोच असतो. सळई आत जाणार, प्लेट बसणार, स्क्रू फिरणार. या सगळ्याची खबर कोण आणि कुठे अडवणार?

हाडाला संवेदना नसते असं पुष्कळांना वाटतं. हाड म्हणजे दगडच की! पण प्रत्येक हाडावर एक पातळ, चिवट आवरण असतं आणि त्यात नसांच्या टोकांची इतकी दाट जाळी असते की शरीरातल्या दुखऱ्या जागांमध्ये त्याची गणना होते. नडगी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटल्यावर डोळ्यांत टचकन पाणी येतं ते उगाच नाही. आणि इथे तर त्याच आवरणावरून करवत आणि ड्रिल फिरणार आहे.

झोपेत खबर पोचली तर बिघडलं कुठे? कुत्र्याला तर आठवणारही नाही. इथे एक अजब गोष्ट आहे. त्याला आठवणार नाही, पण त्याच्या मज्जारज्जूला आठवेल. 1983 साली क्लिफर्ड वूल्फ या संशोधकानं दाखवून दिलं, की दुखापतीच्या खबरा एकसारख्या आदळत राहिल्या तर मज्जारज्जूतल्या पेशींचा स्वभावच बदलतो. त्या हुळहुळ्या होतात. मग एरवी ज्याला आपण नुसता स्पर्श म्हणू, त्याचीही त्या कळ करून वर पाठवतात. म्हणजे ऑपरेशन शांत झोपेत पार पडतं आणि जाग आल्यावर कुत्रा जखमेच्या आसपासचा हातसुद्धा सहन करत नाही. कळ उठली तेव्हा तो झोपलेला होता, पण त्याचा मज्जारज्जू टक्क जागा होता!

वायू वाढवून भागत नाही का? थोडंफार भागतं. पण आयसोफ्लुरेनसारखा वायू जितका वाढवाल तितका रक्तदाब खाली येतो, आणि अपघातात आधीच रक्त गेलेल्या जनावराला ते परवडत नाही. मग वाट अडवणंच आलं.

ती वाट कशी असते? नस म्हणजे विजेची तार नव्हे. तारेतून वीज सरळ धावते, नसेतून खबर टप्प्याटप्प्यानं जाते. नसेच्या तंतूबाहेर सोडियमचे भारित कण दाटीनं उभे असतात आणि तंतूच्या भिंतीत त्यांच्यापुरती इवलीशी दारं असतात. एका ठिकाणची दारं उघडली की सोडियम आत घुसतं, तिथला विद्युतभार क्षणात पालटतो, आणि त्या पालटाच्या धक्क्यानं पुढच्या टप्प्यावरची दारं उघडतात. तिथे पुन्हा तेच. गावाकडे घराचा स्लॅब पडताना घमेल्यांची रांग लागते ना, अगदी तसं. खालच्यानं घमेलं उचललं, दुसऱ्याच्या हाती दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. माणूस जागचा हलत नाही आणि माल मात्र वर पोचतो.

आता या रांगेतला एक गडी खाली बसला तर? शेजारचा वाकून, हात लांबवून घमेलं पुढे देतोच. दोन बसले तरी ओढाताण करून काम निघतं. पण सलग तीन गडी बसले की घमेलं पुढे जाणं बंद. आणि नसेचा हिशोबही नेमका असाच निघतो! ज्या तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं त्यांच्यात खबर एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर उडी घेते. एखाददुसरा टप्पा बंद पडला तर ती त्याला ओलांडून जाऊ शकते. तिला हमखास थांबवायचं तर साधारण सलग तीन टप्पे तरी औषधात भिजले पाहिजेत. म्हणून नस नुसती एका ठिकाणी ‘टोचून’ भागत नाही, तिचा काही मिलिमीटरांचा तुकडा औषधानं न्हाऊन निघावा लागतो.

औषध करतं काय? लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेन ही दोन नावं तुम्ही ऐकली असतील. पहिलं दातांच्या डॉक्टरकडे हटकून भेटतं. त्यांचे रेणू सोडियमच्या दारात जाऊन अडकतात, पण बाहेरून नाही, आतून. आधी त्यांना तंतूच्या आत शिरावं लागतं. तंतूची भिंत चरबीची. विद्युतभार असलेला रेणू तिच्यातून सहजी जात नाही, भार नसलेला सटकन जातो. या औषधाच्या रेणूंमध्ये दोन्ही रूपं असतात आणि ती एकमेकांत बदलत राहतात. बिनभाराचं रूप धारण करून रेणू भिंतीतून आत जातो, आत जाऊन भार धारण करतो आणि त्या रूपात दाराला आतून खुट्टी घालतो. रूप बदलून गडात शिरणं आणि आतून दरवाजा बंद करणं! काही तासांनी रक्तप्रवाह त्याला हळूहळू वाहून नेतो, दारं मोकळी होतात, नस पहिल्यासारखी कामाला लागते.

यातूनच एक गोष्ट उलगडते जी डॉक्टरांना रोज छळते. जखमेत पू झाला असेल तर तिथे दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन नीट चालत नाही. का? पू झालेली जागा आम्लधर्मी असते, आम्लात बहुतेक रेणूंवर भार चढतो, आणि भार चढलेला रेणू भिंतीबाहेरच खोळंबतो. रस्त्यावरचं कुत्रं अपघातानंतर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी उचलून आणतं तेव्हा जखमेची अवस्था हीच असते. मग शहाणपण कशात? जखमेपासून लांब, नस जिथे निरोगी आहे तिथे तिला गाठण्यात. पाय मोडलाय मांडीत, आणि सुई टोचायची कमरेत.

कमरेतून भूल देण्याची ही युक्ती माणसांना ठाऊक आहे. अशी भूल घेऊन सिझेरियन झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती जागी होती आणि बाळाचं पहिलं रडणं तिनं ऐकलं. पण ही युक्ती पहिल्यांदा कुणाच्या कमरेत दिसली?

कुत्र्याच्या!

1884 मध्ये व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर यानं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे शोधलं. आधी बेडूक, ससा आणि कुत्रा यांच्या डोळ्यांवर, मग टाचणी घेऊन स्वतःच्या. ती बातमी वणव्यासारखी पसरली. पुढच्याच वर्षी, 1885 मध्ये, न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ लेनर्ड कॉर्निंग यांनी एका लहान कुत्र्याच्या पाठीत, दोन मणक्यांच्या काट्यांमध्ये कोकेनचं इंजेक्शन दिलं. काही मिनिटांत त्याचे मागचे पाय लटपटायला लागले, मग बधिर झाले. पुढचे पाय ठीक! काही तासांत तो पुन्हा पूर्ववत चालू लागला. पाठीतून अर्धं शरीर बधिर करता येतं, आणि ते परतही येतं, हे त्या दिवशी दिसलं. कॉर्निंग यांना वाटलं की औषध रक्तवाहिन्यांतून मज्जारज्जूकडे गेलं असावं. कारण चुकलं, पण दिसलं ते खरं होतं. त्या कुत्र्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं मला कुठे आढळलं नाही. भुलेच्या इतिहासात ते असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

माणसाचं ऑपरेशन अशा भुलेत व्हायला मात्र तेरा वर्षं लागली. ऑगस्ट 1898, जर्मनीतलं कील शहर. ऑगस्ट बिअर या शल्यविशारदानं पाठीतून कोकेन देऊन एका मजुराच्या पायाचं ऑपरेशन केलं. आठवड्याभरात त्यांनी ठरवलं की ही गोष्ट स्वतःवर करून बघायची. सहायक हिल्डेब्रांट यांनी त्यांच्या पाठीत सुई घातली, पण सिरिंज सुईला बसेना आणि पाठीतलं पाणी गळत राहिलं. मग दोघांनी जागा बदलल्या. बिअर यांनी हिल्डेब्रांटना सुई दिली आणि पायाची परीक्षा सुरू केली. चिमटे काढले, मांडीत हाडापर्यंत सुई खुपसली, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांट शांत! रात्री दोघं जेवले, वाइन प्याले. नंतर बिअर यांचं डोकं कित्येक दिवस ठणकत राहिलं आणि हिल्डेब्रांट यांची नडगी किती काळीनिळी पडली असेल याची कल्पना तुम्हीच करा. ज्ञानापोटी माणसं काय काय सोसतात!

आपल्याकडे याच सुमारास, 1886 मध्ये, मुंबईत परळला बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. शेजारचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय म्हणजे मुंबईकरांचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’. ट्रामचे घोडे आणि गाड्यांचे बैल यांच्या त्या शहरात जनावरांचं शास्त्रशुद्ध शिक्षण कॉर्निंग यांच्या कुत्र्यानंतर एका वर्षात उभं राहिलं.

कोकेन मात्र घातक होतं. त्याचं व्यसन लागे, जीव जाई. सुरक्षित औषध शेवटी जवाच्या रोपातून हाती आलं, आणि तेही चुकून. स्वीडनमध्ये 1935 च्या सुमारास जवातल्या एका रसायनाचा शोध चालू होता. प्रयोगशाळेत बनवलेला एक पदार्थ रसायनतज्ज्ञांनी चाखून पाहिला, तर जीभ बधिर! त्या धाग्याला धरून निल्स लोफग्रेन यांनी 1943 मध्ये लिग्नोकेन बनवलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या त्यांच्या तरुण सहकाऱ्यानं ते स्वतःला टोचून बघितलं, आणि 1948 मध्ये ते बाजारात आलं. आज किकवीच्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरच्या बॅगेत ती बाटली असते.

आणि किकवीच्या शेतकऱ्यांनी ही युक्ती आपल्या गोठ्यात पाहिलेली आहे. गाय अडली किंवा म्हशीचं अंग बाहेर पडलं की डॉक्टर येतात. जनावर कुंथत असतं. आत ढकललेलं अंग कुंथण्याच्या जोरानं पुन्हा बाहेर. डॉक्टर म्हणतात, ‘‘दादा, दावं घट्ट धरा.’’ एका हातानं शेपूट धरून ते पंपाच्या दांड्यासारखं वर-खाली करतात. दुसऱ्या हाताचा अंगठा शेपटीच्या बुडावरून सरकत असतो. शेपूट हलताना जिथे पहिली खाच जाणवते तिथे सुई जाते आणि पाच-सहा मिली लिग्नोकेन. काही मिनिटांत शेपूट ओल्या दोरीसारखं लुळं पडतं. कुंथणं थांबतं. म्हैस मात्र चारी पायांवर उभी! औषध इतकं मोजकं की ते शेपटीकडच्या नसांपर्यंतच पोचतं, पायांच्या नसा अस्पर्श राहतात. कुशीत बधिरता देऊन उभ्या गाईचं पोट उघडतात, तेव्हा काही गाई चक्क रवंथ करत राहतात. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठीतून बधिर करण्याची ही विद्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनी-ऑस्ट्रियात गुरांघोड्यांवर पक्की केली आणि ती आपल्या गोठ्यांत इतकी मुरली की तिचं आश्चर्यच कुणाला वाटेनासं झालं.

कुत्र्यात याच वाटेनं जातात, फक्त थोडं वर. पण इथे शरीररचनेची एक मेख आहे. माणसाला कमरेचे मणके पाच, कुत्र्याला सात. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून त्याखाली सुई निर्धास्त जाते. कुत्र्याचा मज्जारज्जू पार सहाव्या-सातव्यापर्यंत उतरलेला असतो. म्हणून सुईची जागाही सरकते, कमरेचा सातवा मणका आणि त्रिकास्थी यांच्या मधल्या फटीत.

जवळून बघू. भूल दिलेला कुत्रा पोटावर झोपवलाय, मागचे पाय पुढे ओढून घेतलेत म्हणजे पाठ वाकते आणि फट उघडते. शेपटीच्या वर एक चौकोन भादरून स्वच्छ केलाय. डॉक्टर डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टेंगळांवर ठेवतात. तर्जनी मधोमध फिरते. सातव्या मणक्याचा काटा लागतो, त्याच्या मागे बोट अलगद खड्ड्यात उतरतं. हीच जागा. सुई आत जाते. कातडी, चरबी, मग एक चिवट बंध. तो भेदला जाताना बोटांना ‘टप्’ असं काहीतरी जाणवतं. डॉक्टरांनी सुईच्या तोंडाशी सलाइनचा एक थेंब आधीच ठेवलेला असतो. सुई योग्य जागी पोचली की तो थेंब आपोआप आत ओढला जातो! तिथल्या पोकळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून. न दिसणाऱ्या जागेनं आपला पत्ता एका थेंबातून कळवावा, याहून सुंदर काय असेल? प्रत्येक वेळी थेंब इतका आज्ञाधारक नसतो, म्हणून डॉक्टर इतर खुणाही तपासतात. पण तो आत जाताना पाहणं हा एक सोहळा आहे.

मग औषध, इथे ब्युपिव्हाकेन. किलोला 0.2 मिली, म्हणजे आपल्या पंधरा किलोच्या कुत्र्याला 3 मिली. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरून ते पसरतं आणि मागच्या पायांकडे निघालेल्या नसांची मुळं भिजवतं. त्यात थोडं मॉर्फिन घातलं तर आणखी एक नवल घडतं. 1976 मध्ये टोनी याक्श आणि थॉमस रूडी यांनी उंदरांवर दाखवलं, की मॉर्फिन थेट मज्जारज्जूपाशी दिलं तरी वेदना थांबवतं. मज्जारज्जूतच त्याच्या कुलपाची जागा आहे. लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन सगळीच दारं बंद करतं, म्हणून पायही लुळा पडतो. मॉर्फिन मात्र वेदनेची तेवढी खबर दाबतं आणि पायातली ताकद शाबूत ठेवतं. शिवाय ते बारा ते चोवीस तास पुरतं.

पण एकाच पायासाठी दोन्ही पाय का बधिर करायचे? तेही टाळता येतं. मागच्या पायाची संवेदना मुख्यतः दोन मोठ्या नसांतून जाते. एक पुढून, मांडीच्या आतल्या बाजूनं, धमनीला चिकटून. कुत्र्याची नाडी आपण जिथे बघतो तिथेच. दुसरी मागून, खुब्याचं टेंगूळ आणि बसण्याचं हाड यांच्यामधून. या दोघींना गाठलं की गुडघा आणि त्याखालचा पाय बधिर होतो आणि गुडघ्याचं ऑपरेशन करता येतं. पुढच्या पायासाठी अशीच जागा काखेत असते.

आत खोल दडलेली नस सापडते कशी? वीज देऊन! सुईच्या टोकातून एक मिलिअँपिअरचा, सेकंदाला दोनदा, सूक्ष्म झटका देतात. टोक मागच्या नसेजवळ आलं की झोपलेल्या कुत्र्याचा पंजा टकटक हलायला लागतो. पुढच्या नसेजवळ आलं की गुडघा झटक्यानं ताठ होतो. मग प्रवाह कमी कमी करत नेतात. 0.5 वर अजून हलतोय? म्हणजे टोक अगदी जवळ आहे. त्याहून बराच कमी करूनही पंजा हलत असेल तर टोक नसेच्या आतच शिरल्याचा धोका, सुई किंचित मागे. बोलता न येणारं, शिवाय झोपलेलं जनावर, आणि त्याची नसच आपल्याला सांगतेय, ‘मी इथे आहे.’

अलीकडे यावर अल्ट्रासाउंड आलंय. पडद्यावर काळी, धडधडणारी धमनी, शेजारी मधाच्या पोळ्यासारखी नस, आणि औषध सोडलं की नसेभोवती पसरणारं काळं वर्तुळ. पूर्वी बोटांनी आणि अंदाजानं जे करावं लागे ते आता डोळ्यांदेखत होतं. भराभर टोचण्यापेक्षा दोन मिनिटं बघत राहणं बरं, ही जुनी शिकवण यंत्रानं सोपी केली.

या औषधाला भ्यायलाही हवं. ब्युपिव्हाकेनची मर्यादा कुत्र्यात किलोला 2 मिलिग्रॅम धरतात. दहा किलोच्या कुत्र्याला 0.5 टक्क्याचं जेमतेम 4 मिली. चुकून ते रक्तवाहिनीत गेलं तर हृदयाच्या सोडियमच्या दारांनाही खुट्टी बसते. म्हणून वजन काट्यावर करायचं, अंदाजानं नाही, आणि औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते बघायचं. तरीही अनर्थ घडला तर? इथे पुन्हा कुत्रे आपल्या मदतीला आलेले दिसतात. 2003 मध्ये अमेरिकेतल्या गाय वाइनबर्ग यांनी बेशुद्ध केलेल्या बारा कुत्र्यांचं हृदय ब्युपिव्हाकेननं थांबवलं. सहांना सलाइन दिलं, सहांना सोयाबीन तेलाचं, दुधासारखं पांढरं द्रावण शिरेतून दिलं. सलाइनवाले सहाही गेले, तेलवाले सहाही जगले. चरबीत रमणारं औषध तेलाच्या थेंबांकडे ओढलं जातं आणि हृदय मोकळं होतं, असा त्याचा एक उलगडा आहे. तीन वर्षांनी याच उपायानं न्यूयॉर्कमध्ये एका माणसाचं थांबलेलं हृदय पुन्हा चालू झालं. आज माणसांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ते पांढरं द्रावण तयार ठेवतात ते त्या बारा जिवांमुळे. हा प्रयोग वाचताना आनंद आणि कालवाकालव एकदमच होते.

आपल्या भागात या विद्येचं मोल दुप्पट आहे, असं माझं ठाम मत आहे. तीव्र वेदनेवरचं खात्रीचं औषध म्हणजे मॉर्फिन, पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली त्याला परवाने आणि नोंदी लागतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ते सहसा नसतंच. लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेनला तो अडसर नाही. ती स्वस्त आहेत आणि हाताशी आहेत. महागडं यंत्र नसलं तरी शरीररचना पक्की ठाऊक असलेली बोटं, एक सुई आणि एक थेंब पुरतो.

आता पुन्हा त्या टेबलाकडे चला. कुत्रा झोपलाय, पण हलक्या झोपेत, वायू बेताचा. त्याला झोपवावं लागतंच, कारण ‘हलू नकोस’ हे त्याला समजावता येत नाही. पाठीतलं औषध लागू झालंय. डॉक्टर हाडाला ड्रिल लावतात. मॉनिटरवर 90. ड्रिल फिरतं, हाडाचा भुगा पडतो. 92. स्क्रू आवळला जातो. 90. मॉनिटरवरची ती सपाट, कंटाळवाणी ओळ बघून भूलतज्ज्ञाच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं त्याला तोड नाही.

संध्याकाळी मालकाला धक्का बसू शकतो. कुत्रा जागा आहे, मान उचलून बघतोय, पण मागचे दोन्ही पाय फरफटतोय. ‘‘डॉक्टर, एकच पाय मोडला होता ना?’’ घाबरायचं काम नसतं, ब्युपिव्हाकेनचा असर उतरायला काही तास लागतात. तोवर पोटाखालून टॉवेल किंवा उपरणं घालून मागचं अंग तोलून धरायचं. लघवी झाली का यावर लक्ष ठेवायचं, कारण मॉर्फिन दिलं असेल तर मूत्राशयही सुस्तावू शकतं. आणि असर उतरायच्या आत वेदनेचं पुढचं औषध सुरू करायचं, उतरल्यावर नव्हे.

दुखतंय की नाही हे कळणार कसं? कुत्री वेदना लपवण्यात पटाईत असतात. ग्लासगो विद्यापीठानं यासाठी एक गुणपत्रिका तयार केलीय. कण्हतोय का, जखम चाटतोय का, उठताना अडखळतो का, आणि शेवटी जखमेपासून दोन इंचांवर हलकेच दाबल्यावर काय करतो. नुसतं वळून बघतो, गुरगुरतो, की चावायला येतो? एकूण गुण 24. सहा किंवा जास्त झाले की औषध वाढवायचं. ज्याची वाट वेळेवर अडवली होती त्या कुत्र्याचे गुण कमी पडतात, तो लवकर खायला लागतो, लवकर पाय टेकतो, आणि टेकलेल्या पायाचं हाड चांगलं जुळतं.

काही आठवड्यांनी तो किकवीच्या रस्त्याकडेला पुन्हा पळताना दिसला तर त्याच्या शेपटीच्या वर बघा. मांडीवरचे केस भरून आलेले असतील, पण पाठीवरचा भादरलेला तो चौकोन कधी कधी महिनोन्‌महिने तसाच राहतो. पाठीतून भूल दिलेल्या काही कुत्र्यांत असं होतं, हे पशुवैद्यकांनी टिपून ठेवलंय. काळजी नको, केस उशिरा का होईना, येतात.